हलिमाचाचीची छत्री आणि कराचीची निवडणूक

आमच्या वॉर्डातून नगरपालिकेवर कोण निवडून आलंय, असं अचानक विचारलंत तर मी डोकं खाजवत बसेन. पण कराचीत बंदराला लागून एक मतदारसंघ आहे, तिथल्या कुठल्या गल्लीची मतं कुणाला जातात, मच्छीमारांची वस्ती ऐन वेळी कुठे झुकते आणि मतदानाच्या तोंडावर पाण्याचे टँकर कुणाच्या दारात उभे राहतात, हे मी तुम्हाला झोपेतसुद्धा सांगेन. मी पाकिस्तान पाहिलेला नाही. माझी मजल उत्तरेला मुंबईपर्यंत, आणि तीही लग्नकार्यापुरती. तरी तिकडच्या एका उमेदवाराचा उभा राजकीय जन्म मी जवळून पाहिला, तोही रत्नागिरी तालुक्यातल्या कौलांवर बसून.

मी डिश अँटेना बसवणारा माणूस. आता घराघराच्या भिंतीला ताटाएवढ्या चकत्या चिकटलेल्या दिसतात, त्यांची ही गोष्ट नव्हे. आमच्या काळात डिश म्हणजे माणूस आडवा झोपेल एवढी ॲल्युमिनियमच्या जाळीची कढई. लोक तिला छत्री म्हणत, म्हणून मी छत्रीवाला सदू. पुढे धंदा वाढला, केस पिकले, तरी ‘सदाशिवराव’ असं मला फक्त बँकेत म्हणाले.

धंदा समजायला सोपा आहे. उपग्रह आकाशात आपल्या जागी ठरून असतो, तिथून चित्र खाली सांडतं. छत्रीने ते झेलायचं आणि मधल्या दांड्यावरच्या डबीत गोळा करायचं. छत्रीचं तोंड बोटभर इकडेतिकडे झालं की पडद्यावर नुसत्या मुंग्या. म्हणून एकाने वर छत्री फिरवायची आणि घरच्यांपैकी कुणीतरी खाली टीव्हीपुढे बसून ‘आलं, आलं... गेलं!’ असं ओरडायचं. माझं निम्मं आयुष्य हे ‘आलं’ आणि ‘गेलं’ ऐकण्यात सरलं.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. पावसच्या एका बागायतदाराने चित्र येत नाही म्हणून मला भर उन्हात बोलावलं. जाऊन बघतो तर घरातल्या मंडळींनी छत्रीच्या दांड्यावर ओलं लुगडं वाळत घातलेलं. राजापूरच्या एका व्यापाऱ्याला आपली छत्री शेजाऱ्याच्या छत्रीपेक्षा उंच हवी होती. उंचीचा आणि चित्राचा काही संबंध नसतो हे मी त्यांना परोपरीने सांगितलं. ते म्हणाले, “संबंध आहे. तुम्हाला नाही कळायचा.” असे किस्से लिहायला बसलो तर हा अंक पुरायचा नाही. संपादकांनाही तेच हवे होते. पण मनात जे घर करून बसलंय ते हसण्यासारखं नाही, आणि आता ते लिहून टाकल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

पूर्णगडच्या अलीकडे खाडीच्या काठाला एक मोहल्ला आहे. तिथला लियाकत बोटीवर फिटर होता. एका सुट्टीत तो रंगीत टीव्ही घेऊन आला आणि छत्री बसवायला त्याने मला बोलावलं. मी सगळी चॅनलं लावून दिली आणि हत्यारं गोळा करत होतो. तेवढ्यात आतल्या दारात उभी असलेली त्याची आई पुढे झाली. हलिमाचाची. ठेंगणी, काटक, डोक्यावरून ओढणी, आणि आवाज असा की खाडीच्या पलीकडच्या माणसानेही ओ द्यावी.

“ह्याच्यात कराची लागतो?” तिने विचारलं.

लागायचं. तिकडचं सरकारी चॅनल तेव्हा आमच्या छत्रीत आयतंच यायचं. मी बटण दाबलं. कोट घातलेला एक गृहस्थ उर्दूत बातम्या वाचत होता.

“ह्याच्यात मेंबर दाखवतात? पार्लमेंटचं?”

“दाखवतात की.”

“मग माझो हम्या पन दिसल.”

लियाकतची बायको झुबेदा, तेव्हा नवी नवरी, तिने मला सगळं समजावून सांगितलं. हम्या म्हणजे अब्दुल हमीद, चाचीचा धाकटा भाऊ. बारीक पोर असताना मामाचं बोट धरून तो बोटीने कराचीला गेला. मामा तिथे गोदीत होता. तेव्हा कराचीला जाणं म्हणजे मुंबईला जाण्यासारखंच होतं, कुणाला त्यात काही विशेष वाटत नसे. मग मध्ये देश दोन झाले आणि हमीद तिकडचा झाला. आई वारली तेव्हा, लियाकतच्या जन्माआधी, तो एकदाच येऊन गेला. पुढे तो राजकारणात पडला आणि मग व्हिसाचं नावच नको. तिकडच्या पुढाऱ्याला इकडचा व्हिसा कोण देणार? चाचीलाही तिकडचा कधी मिळाला नाही. उरला ईदचा फोन. त्यातही निम्मा वेळ ‘हॅलो, हॅलो’मध्ये जायचा.

चाचीचं म्हणणं एवढंच होतं. आज ना उद्या हम्या निवडून येईल, पार्लमेंटात शपथ घेईल, तेव्हा टीव्हीवर त्याला एकदा डोळे भरून बघायचं. लियाकतच्या टीव्हीचा तिच्या लेखी दुसरा काही उपयोग नव्हता.

मी निघताना ती अंगणात उभी राहून छत्रीकडे बघत होती. “कराची तर ह्या अंगाला,” तिने वायव्येला समुद्राकडे हात केला, “आनि तू हिचा तोंड डोंगराकडं कशाला केलंस?” उपग्रह पूर्वेला आहे, म्हणून छत्रीही पूर्वेला, हे मी तिला समजावून सांगितलं. ती हसली. “म्हंजे भावाला बघायचा तर त्याच्याकडं पाठ करून बसायचा!”

तेव्हापासून तिकडे निवडणूक जाहीर झाली की इकडे मला बोलावणं यायचं. पावसाळ्यात नट गंजायचे, वाऱ्याने छत्री कलायची, ते सगळं नीट करून द्यायचं. तिकडची सरकारं मुदत पुरी करायची नाहीत, त्यामुळे माझ्या खेपाही बऱ्याच व्हायच्या. आमच्या तालुक्यात पाकिस्तानातल्या राजकीय अस्थिरतेचा फायदा झालेला मी एकटाच असेन.

पहिल्या वेळी हमीद अपक्ष उभा होता. त्याच्या आधीही तो पडलेला होताच, पण ते माझ्या छत्रीपूर्वीचं. निशाणी मिळाली बादली. त्याच्या वस्तीत नळाला पाणी नव्हतं आणि त्याचं सगळं राजकारण त्या एका पाण्यावर चाललं होतं, तेव्हा निशाणी शोभतच होती. मोहल्ल्यातल्या पोरांनी चाचीच्या दारात बादली उलटी टांगली आणि चाचीने ती सरळ करून घेतली. निकालाच्या दिवशी झुबेदा पडद्याखालची उर्दू अक्षरं वाचत होती, कारण ती उर्दू शाळेत शिकलेली. हमीदचं नाव काही तिच्या वाचण्यात आलं नाही. अपक्षांची नावं कोण दाखवतो? डिपॉझिट गेल्याचं ईदच्या फोनवर कळलं.

दुसऱ्या वेळी एका पक्षाने त्याला तिकीट दिलं. चाचीने मोहल्ल्यात शेवया वाटल्या. मतदानाला थोडे दिवस राहिले आणि पक्षानेच निवडणुकीवर बहिष्कार टाकला. उमेदवार तयार, पोस्टरं छापलेली, आणि शर्यतच रद्द. तिसऱ्या वेळी तो इतक्या थोड्या मतांनी पडला की मी छपरावरून खाली उतरून सगळ्यांबरोबर डोक्याला हात लावून बसलो. चाचीच मला म्हणाली, “अरे, तू कशाला रडतंस? तुझो कोन लागतो तो?” खरंच, कोण लागत होता? पण एका माणसाच्या पडण्यापायी इतक्या वेळा छपरावर चढल्यावर तो कुणीतरी लागायला लागतोच.

मधे सीमेवर लढाई पेटली. केबलवाल्यांना तिकडचं चॅनल बंद करायला लावलं आणि माझ्याबद्दलही कुणीतरी चहाड्या केल्या. चौकीतल्या हवालदारांनी बोलावलं. “काय रे, तू पाकिस्तान लावतोस म्हणे?” मी म्हटलं, साहेब, मी छत्री लावतो, चित्र आभाळातून सगळीकडेच पडतं. घरात एक म्हातारी आहे आणि तिला भावाचं तोंड बघायचंय. त्यांनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, “सध्या बंद ठेव. लोकांची डोकी फिरलेली आहेत.” वाईट माणूस नव्हता. मी चाचीला तसं सांगितलं. तिने टीव्हीवर चादर घातली. लढाई संपल्यावरही कितीतरी महिने ती चादर तिने काढली नव्हती.

पुढच्या निवडणुकीत तिकडे लष्कराचं राज्य होतं आणि नवाच नियम निघाला. ज्याच्याकडे पदवी नाही त्याला पार्लमेंटसाठी उभंच राहता येणार नाही. हमीद गोदीत वाढलेला, तो पदवी कुठून आणणार? बऱ्याच पुढाऱ्यांनी आपली शिकलेली मुलं, सुना, जावई उभे केले. पक्षाने हमीदलाही तेच सुचवलं. त्याने नकार दिला आणि घरी बसला. चाचीला हे काही केल्या पटेना. “लोकांच्या घरात पानी आनायला बीए व्हायला लागतो?” ती मला विचारत होती, जणू नियम मीच केला होता.

तोपर्यंत चाचीला अंधूक दिसायला लागलं होतं. मोतीबिंदू असेल, पिकला की काढू, असं म्हणत घरच्यांनी दिवस काढले. रत्नागिरीत डॉक्टरांना दाखवलं तेव्हा तो काचबिंदू निघाला. मोतीबिंदूने गेलेली नजर परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग सगळंच.

आणि मग हमीद निवडून आला.

पदवीचा नियम उठला होता. पक्षाला त्या वस्तीत दुसरं कुणी नाव घेण्यासारखं मिळालं नाही, म्हणून म्हाताऱ्याला पुन्हा उभा केला आणि तो चक्क जिंकला. झुबेदाचा मला फोन आला तेव्हा मागे मोहल्ल्यातला गलका ऐकू येत होता. “सदूभाऊ, लगेच या. शपथविधी जवळ आलाय आणि आपलं चॅनल लागत नाय.”

लागणार कसं? ते चॅनल आता दुसऱ्या उपग्रहावर गेलं होतं. तो पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला. मी रिसिव्हर बदलला, सगळी छत्री सोडवून तिचं तोंड फिरवलं, पण चित्र काही स्थिर होईना. कारण डोळ्यासमोर होतं. घराच्या पश्चिमेला माड होता आणि त्याची चुडतं, म्हणजे झावळ्या, वाऱ्याने हलल्या की चित्राचे चौकोन पडायचे. मी म्हटलं, चुडतं छाटून बघू. छाटली, तरी शेंडा मध्ये येतच होता.

“माड तोडून टाक,” चाची म्हणाली.

आमच्याकडे धरता, नारळ देणारा माड कुणी तोडत नाही. पडला तर पडला, पण हाताने कुऱ्हाड लावायची म्हणजे घरातल्या माणसावर हात उगारल्यासारखं. लियाकत चाचरत म्हणाला, “अम्मा, पन तुला तर...”

“दिसत नाय. म्हायत हाय मना,” चाची म्हणाली. “पन तुम्हाला तर दिसल? तुम्ही बघा आनि मना सांगा. तोडा.”

माड पाडला. चित्र इतकं स्वच्छ आलं की मीच बघत राहिलो. माझ्या सगळ्या धंद्यात तसं चित्र मी कुठे लावलं नसेल.

शपथविधीच्या सकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. टीव्हीच्या वर हमीदचं पोस्टर लावलेलं होतं, दुबईतल्या कुणा नातेवाइकाबरोबर आलेलं. काळेभोर केस, फुगलेले गाल, त्यांना छापखान्याने दिलेला गुलाबी रंग. सगळ्यांनी ते तोंड पाठ करून ठेवलं होतं. चाची पुढ्यात चटईवर बसलेली, नवा सलवार-कमीज घालून, टीव्हीकडे तोंड करून.

शपथ काही एकेकाने घ्यायची नसते, हे आम्हाला तेव्हा कळलं. सगळे मेंबर एकदम उभे राहिले आणि एका सुरात बोलले. चाचीने कान टवकारले, पण त्या गजरात एक आवाज वेगळा कसा काढणार? मग सभापतींनी एकेकाचं नाव पुकारायला सुरुवात केली. नाव घेतलं की मेंबरने पुढे जाऊन टेबलावरच्या मोठ्या वहीत सही करायची. झुबेदा म्हणाली, “अम्मा, आता नाव घेतील. आता एकटे दिसतील.”

नावं चालली. आणि पुकारा झाला, “जनाब अब्दुल हमीद!”

चाचीने झुबेदाचा हात घट्ट धरला. त्याच क्षणी सभागृहात कुणी बडे नेते उशिरा आले. बाकं वाजायला लागली आणि कॅमेरा गर्रकन त्यांच्याकडे वळला. ते हसत होते, हात उंचावत होते, लोक उठून त्यांना भेटत होते. आम्ही ओरडलो, मी तर “अरे इकडे, इकडे!” म्हणून टीव्हीलाच हात केले. कॅमेरा परत टेबलाकडे आला तेव्हा तिसराच माणूस सही करत होता आणि पुढच्याचं नाव पुकारलं जात होतं.

चाचीने झुबेदाचा हात हलवला.

“दिसला?” चाचीने विचारलं. “कसा दिसतो? सांग ना गे.”

झुबेदाने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. चित्र आणायचं काम माझं होतं. ते कुणाचं दाखवायचं हे दुसराच कुणी ठरवतो. मग झुबेदा पोस्टरकडे बघत बोलायला लागली. “दिसले अम्मा, साफ दिसले. पांढरी शेरवानी होती. तब्येत चांगली हाय. तोंडावर नूर काय! ताठ मानेनं सरळ चालत गेले, सही केली आनि परत आले.”

चाचीचा चेहरा फुलत चालला होता, तो थांबला.

“सरल चालत गेला?”

“हो अम्मा.”

चाचीने तिचा हात सोडला. “मग तो हम्या नव्हं. लहानपनी होडीवरून धक्क्यावर पडला, त्याचो डावो पाय मोडलो. बरो झालो, पन आखूड ऱ्हायलो. आयला वाटायचा, बोललं तर नजर लागल, म्हनून आमच्या घरात कधी कुनी बोल्ला नाय. हम्या चालतो तो लंगडत.”

झुबेदा रडायला लागली. चाचीने चाचपडत तिचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. “रडू नुको. नाव घेतला ना त्याचा? ता मी आयकला.” मग माझ्या दिशेने अंदाजाने तोंड करून म्हणाली, “सदू, आवाज चांगलो आयला हां.”

मी पुन्हा छपरावर गेलो. काम काही नव्हतं. खाली बसवत नव्हतं, एवढंच. समोर जिथे माड होता तिथे आता नुसता समुद्र दिसत होता.

हमीदची मुदत पुरी झाली नाही. पहिल्याच वर्षात तो वारला. त्याच्या वस्तीत पाणी आलं की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. चाची त्यानंतर थोडे दिवस होती. छत्री जाळी फाटून भंगारात गेली आणि मीही धंदा बंद केला.

आता मोबाइलवर सगळंच सापडतं. मागच्या पावसाळ्यात घरात बसून कंटाळलो होतो, सहज तिकडच्या पार्लमेंटचे जुने व्हिडिओ शोधत बसलो, आणि तोच शपथविधी मिळाला. तेच पुकारे, तीच बाकं वाजणं, तेच बडे नेते हात उंचावताना. मी बघत राहिलो आणि एकदम व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा लावला. नेत्यांच्या खांद्यामागून, चौकटीच्या अगदी कडेने, एक म्हातारा टेबलाकडे निघाला होता. वाळलेला, टक्कल पडलेला, अंगावर साधा कुडता. डाव्या पायाने लंगडत होता.

म्हणजे तो दिसला होता. आमच्याच टीव्हीवर, मी लावलेल्या त्या स्वच्छ चित्रात. एवढी माणसं डोळे फाडून बघत होती, पण आम्ही सगळे पोस्टरातला माणूस शोधत होतो. त्याला चालीवरून ओळखणारं त्या खोलीत एकच माणूस होतं आणि त्यालाच दिसत नव्हतं.

मला राहवेना. पाऊस उघडल्यावर एसटी पकडली आणि मोहल्ल्यात गेलो. झुबेदाचेही केस आता पांढरे झालेत. मी तिच्या हातात मोबाइल दिला आणि कडेच्या माणसावर बोट ठेवलं. तिने चष्मा लावून बघितलं. पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा बघितलं. मग मोबाइल मांडीवर ठेवला.

“ह्यांना मी बघितला होता, सदूभाऊ,” ती म्हणाली. “त्याच दिवशी बघितला होता. मना वाटला, तिथला शिपाई हाय.”